चुकून लागला

२०१८ सालच्या ऑक्टोबरात हवाई बेटांवर, कोना इथल्या सीलांच्या इस्पितळाच्या संचालिकाबाईंना इस्पितळातूनच फोन आला. उचलला तर पलीकडून कुणी बोलेना. ठेवला तर पुन्हा आला, पुन्हा तेच. एखादा सील अत्यवस्थ असणार आणि बोलायलाही कुणाला सवड नसणार, असं समजून बाई धावत परतल्या, तर सगळे सील खुशाल. तेवढ्यात बाहेरच्या लोकांकडूनही विचारणा सुरू झाली, की तुमच्याकडून सारखे फोन येताहेत आणि बोलत कुणीच नाही. फोन कंपनीला विचारलं, तर कॉल तुमच्याच इमारतीतून निघताहेत म्हणाले. शेवटी एका खोलीत टच स्क्रीनच्या फोनवर गुन्हेगार सापडला. पाल होती. चिमुकल्या पायांनी ती अलीकडच्या कॉलच्या यादीतल्या एकेकाला फोन लावत बसली होती.

आपल्याकडे पाल नुसती चुकचुकली तरी माणसं बोलता बोलता थांबतात. पंचांगात तर पल्लीपतनाचं सबंध कोष्टकच असतं: डोक्यावर पडली तर काय, उजव्या खांद्यावर पडली तर काय. फोनवर पडली तर काय, हे मात्र अजून कुणी घातलेलं पाहिलं नाही. फळ उघड आहे. बिल येतं.

पालीपेक्षाही मला त्या फोनचं कौतुक वाटतं. त्याने पालीला माणसाइतकाच मान दिला, एकदाही ‘आपण कोण?’ म्हणून विचारलं नाही. कारण त्याला कोण ते कळतच नाही. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पारदर्शक पदार्थाची आडवी-उभी जाळी असते, दोन रेघांत चार-पाच मिलिमीटरचं अंतर. रेघा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे किंचित विद्युतभार साठलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार ते आपल्याकडे ओढून घेतं. फरक किती, तर पिकोफॅरडच्या अंशाएवढा. सेकंदाला ६० ते १२० वेळा, महागड्या फोनांत त्याहूनही जास्त वेळा, सगळी जाळी तपासली जाते आणि ‘कुठे किती भार कमी झाला’ याचं एक चित्र तयार होतं. हे चित्र अगदीच गबाळं असतं. त्यात बोट नसतं, अंगठी नसते, मालक तर नसतोच. नुसते धूसर डाग असतात. डागाचा मध्य काढायचा आणि ‘इथे हात लावला’ असं म्हणायचं, एवढीच त्याची दृष्टी.

पालीचा ओलसर पाय हा त्याच्या लेखी डागच. नख मात्र डाग पाडत नाही, कारण ते वीज वाहून नेत नाही. म्हणून हौसेने नखं वाढवलेल्या मुली बोट आडवं करून, तळहात वर उचलून असा काही टाइप करतात की बघणाऱ्याचं मनगट दुखावं. लोकरी हातमोजाही डाग पाडत नाही. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातून बातम्या आल्या होत्या, की थंडीत मोजे काढायला नकोत म्हणून लोक पाकिटातली छोटी सॉसेजेस फोनवर फिरवताहेत आणि फोन ती मुकाट्याने ऐकतोय. म्हणजे फोनच्या नजरेत बाईच्या नखापेक्षा सॉसेज अधिक माणूस. जुन्या धाटणीचे काही पडदे निराळे असत. त्यांत दोन थर दाबून एकमेकांना टेकवायचे, की झालं काम. त्यांना नख चालायचं, किल्ली चालायची, रागसुद्धा चालायचा. आताच्या काचेला रागाचा उपयोग नाही. कितीही जोरात दाबा, डाग तेवढाच. फार तर बोट चपटं होऊन जरा पसरतो.

आता या डागांवरून त्या बिचाऱ्याने हेतू ओळखायचा आहे. कोर्टात हेतू सिद्ध करायला वर्षं जातात, साक्षीदार उलटतात, तारखा पडतात. इथे निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत हवा आणि पुरावा म्हणजे एक डाग.

माउसच्या काळात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. माउसला एक मधली अवस्था होती: बाण नुसता फिरवता यायचा, बटणावर नेऊन थांबवता यायचा, मनात काय आहे याची जाहीर वाच्यता करता यायची, आणि क्लिक ही वेगळी, पूर्ण विचारांती केलेली कृती. बिल बक्स्टन या संशोधकाने १९९० मध्येच दाखवून दिलं होतं, की बोटाला ही मधली अवस्थाच नाही. विचार करत घिरट्या घालणारं बोट हवेत असतं आणि हवेतलं फोनला दिसत नाही. दिसतं ते टेकल्यावर, आणि टेकलं म्हणजे ठरलं. ओळख आणि साखरपुडा एकाच मुहूर्तावर.

नजरेने चालणाऱ्या संगणकांवर काम करताना रॉबर्ट जेकब यांनी त्याच सुमारास अशाच अडचणीला मिडास राजाचं नाव दिलं. जिथे नजर जाईल तिथे आज्ञा सुटते, जसं मिडास हात लावेल त्याचं सोनं. पण आमचा भस्मासुर या कामाला कितीतरी योग्य होता. मिडासच्या घरात निदान सोनं तरी साठलं. भस्मासुराला वर मिळाला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन त्याचं भस्म होवो. वर देणाऱ्याने ‘खात्री आहे ना?’ अशी चौकट ठेवली नाही, मालकाचं डोकं वगळायची सोय ठेवली नाही, आणि नाचता नाचता हात स्वतःच्याच डोक्यावर पडला तर तो हेतुपुरस्सर धरू नये, असा नियमही केला नाही. मोहिनीने नेमकी तीच फट वापरली. सदोष उपकरण घाईने बाजारात आणल्याचा इतका जुना दाखला ग्रीकांकडे असेल असं वाटत नाही.

या कोंडीतून सुटायची युक्ती १९८८ साली मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिली, आणि माझ्या मते टच स्क्रीनच्या इतिहासातली ही सगळ्यात सुसंस्कृत कल्पना आहे. बोट टेकल्यावर काही करायचंच नाही. उचलल्यावर करायचं. टेका, चुकीच्या जागी टेकलं असेल तर न उचलता सरकवा, बरोबर जागा आली की उचला. त्यांच्या प्रयोगात या पद्धतीत चुका कमी झाल्या. आजही फोनवरचं बहुतेक प्रत्येक बटण असंच वागतं. ‘पैसे पाठवा’वर अंगठा पडला आणि त्याच क्षणी आठवलं, की या माणसाने मागचे अजून परत दिलेले नाहीत, तर अंगठा न उचलता बटणाबाहेर घसरवायचा. काही घडत नाही. व्यवहार कायमचा रद्द. ही सोय आपल्याला आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं. ते घाबरून अंगठा चटकन उचलतात, आणि नेमकं तेव्हाच पैसे जातात.

त्यातही सूक्ष्म कायदेकानू आहेत. माणसाचं बोट दगडासारखं स्थिर नसतं, म्हणून अँड्रॉइडमध्ये बोट टेकल्यावर साधारण सव्वा मिलिमीटरपर्यंत हललं तरी ‘तो टॅपच होता’ असं धरायची रीत आहे. त्यापलीकडे गेलं तर तुम्ही पान सरकवायला निघालात. अर्धा सेकंद रेंगाळलात तर तुम्हाला काही तरी खास हवं आहे. पहिल्या टॅपनंतर ३०० मिलिसेकंदांत दुसरा आला तर ते दोन नव्हेत, एक जोडी. सुरुवातीचे मोबाइल ब्राउझर तर प्रत्येक टॅपनंतर तेवढा वेळ हात बांधून थांबून राहायचे. दुसरा येतोय की काय म्हणून.

हे सगळे नियम ज्यांनी ठरवले ते तरुण असावेत. माझ्या ओळखीतल्या आजोबांची पिढी बटण दाबत वाढली. विजेचं खटक्याचं बटण, लिफ्टचं बटण, पाहुण्यांच्या दारावरची घंटा. बटण दाबायचं म्हणजे दाबायचं, आणि पलीकडून काही तरी हलल्याचा पुरावा मिळेपर्यंत सोडायचं नाही. आजोबा ‘व्हॉट्सअ‍ॅप’च्या चौकोनावर अंगठा ठेवतात आणि त्याच निष्ठेने तो रोवून धरतात. अर्धा सेकंद उलटतो. फोनला वाटतं, या गृहस्थांना अ‍ॅप उघडायचं नाही, हलवायचं आहे किंवा काढून टाकायचं आहे. सगळे चौकोन थरथरायला लागतात. आजोबांना वाटतं, आपल्याच हाताला कंप सुटला. ते अंगठा आणखी घट्ट रोवतात. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप कॅल्क्युलेटरच्या पोटात गेलेलं असतं आणि नातवाला फोन येतो. म्हणजे घरातल्या दुसऱ्या फोनवरून.

कोरड्या त्वचेची, घट्टे पडलेली बोटं असली की आणखी गोची. जाड कातडीमुळे डाग फिका पडतो आणि फोनला शंका येते, की खरंच कुणी हात लावला का. आयुष्यभर कुदळ धरलेला हात त्याला अर्धामुर्धाच दिसतो आणि कधी नांगर न धरलेला हात लख्ख दिसतो. यंत्राला वर्गभेद कळत नाही म्हणतात. पण मऊ हातांची बाजू ते न कळताच घेतं.

उलटी तक्रार तळहाताची. लिहिताना माणूस तळहात कागदावर टेकतोच. आणि टेकतो तो लेखणीच्या आधी. म्हणजे टॅबलेटवर पहिला डाग पडतो तो लिहिणाऱ्याचा नव्हे, विसावणाऱ्याचा. लेखणीचं म्हणाल तर, स्टीव्ह जॉब्सनी २००७ साली आयफोन दाखवताना भर व्यासपीठावरून स्टायलसची टर उडवली आणि त्यांच्याच कंपनीने २०१५ मध्ये पेन्सिल विकायला काढली. आता ही पेन्सिल स्वतःचा संकेत पाठवून सांगते, की मी पेन्सिल आहे, बाकीचे आगंतुक. तळहाताचा डाग मोठा, लांबोडका आणि मठ्ठ, म्हणून तो ओळखणं सोपं, असं वाटतं. पण तळहाताची कड जेव्हा नुकतीच टेकत असते, तेव्हा तिचाही डाग बोटाएवढाच असतो. म्हणून फोन थोडं थांबतो, हलतं का बघतो, वाढतं का बघतो. कधी आधी रेघ काढून टाकतो आणि मग लाजून पुसतो.

या सगळ्याचा उगम एका दुखऱ्या हातात आहे, हे मला फार आवडतं. वेन वेस्टरमन हा डेलावेअर विद्यापीठातला विद्यार्थी. टाइप करून करून त्याचे हात कामातून गेले, तेव्हा त्याने प्राध्यापक जॉन इलायस यांच्याबरोबर असा सपाट कीबोर्ड करायला घेतला ज्यावर जोर लावावाच लागणार नाही. १९९९ मध्ये त्याचा प्रबंध झाला. पण सपाट पृष्ठभागावर हात ठेवला की तो टेकणारच, आणि टेकलेलं प्रत्येक बोट अक्षर उमटवायला लागलं तर अवघड. म्हणून कुठला डाग कुठल्या बोटाचा, कुठला अंगठ्याचा, कुठला नुसता आराम करणाऱ्या तळव्याचा, हे ओळखायची विद्या त्याला बसवावी लागली. दोघांनी मिळून फिंगरवर्क्स नावाची कंपनी काढली, २००५ साली अ‍ॅपलने ती विकत घेतली, आणि दोन वर्षांनी आयफोन आला. पुढे २०१२ मध्ये आयपॅड मिनीची कड इतकी अरुंद झाली की धरणाऱ्याचा अंगठा पडद्यावरच यायचा. तेव्हा अ‍ॅपलने सांगितलं, अंगठा नुसता टेकलाय की त्याला काही म्हणायचंय, हे आम्हाला कळतं. आमच्या घरी हे माणसांबद्दलही कुणाला कळत नाही.

गालाचं त्या मानाने सोपं. बोलताना फोन कानाला लागतो, गाल पडद्याला. गाल हा भलाथोरला डाग. पण हा गाल फोन कापेल, म्यूट करेल, जमल्यास तिसऱ्यालाच लावेल. म्हणून कानाच्या फटीजवळ न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक ठिपका असतो. काही जवळ आलं की तो परतून येतो आणि पडदा अंधारतो, काच बहिरी होते. त्यावर धूळ बसली किंवा काचेवरची संरक्षक पट्टी वाकडी चिकटवली, की बोलणं संपलं तरी पडदा उजळत नाही. मग ‘ठेवतो हं’ म्हणून झाल्यावरही समोरच्याला आपण काय पुटपुटतो ते ऐकू जातं. नाती तुटायची बरीच कारणं असतात, त्यात या पट्टीचं नाव कुणी घेत नाही.

पावसाळ्यात मात्र सगळी विद्या वाहून जाते. पाण्याचा थेंबही भार हलवतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या दिवसांत छत्री मानेत अडकवून भाजीवाल्या मावशींना यूपीआयने पैसे द्यायला जावं, तर थेंबच आकडे टाकायला लागतात. हुशार कंट्रोलर दोन तऱ्हांनी मोजून पाणी आणि बोट वेगळं करायला बघतात, आणि अगदीच गोंधळ उडाला तर काहीच न ऐकण्याचा मार्ग पत्करतात. सरकारी खिडकीही गर्दी वाढली की हेच करते. मावशी तोवर कोथिंबिरीवरून पाणी झटकत म्हणतात, “असू दे दादा, उद्या द्या.” स्वस्त चार्जर लावला तर पाऊसही लागत नाही, त्याच्या विजेतला गोंगाट जाळीत शिरतो आणि फोन आपोआप उघडझाप करतो. घरात जुनं कुणी असेल तर लिंबू-मिरचीपर्यंत प्रकरण जातं. चार्जर बदलून बघावा.

खिशातली गंमत न्यारी. कापड तसं वीज वाहत नाही, पण घामाने भिजलेल्या पातळ कापडाआडून मांडीसुद्धा डाग पाडते. भारतात १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक नव्या मोबाइलवर संकटाचं बटण असणं सक्तीचं झालं: स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ आकडा दाबून धरायचा. हेतू उत्तम. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांना वेगळाच अनुभव आला. अँड्रॉइडमध्ये बटण पाचदा दाबलं की आणीबाणीचा कॉल जायची सोय आली आणि खिशाखिशांतून मुके फोन यायला लागले. पलीकडे कुणी बोलत नाही, नुसतं कापड घासल्याचा आवाज. बोलत नाही तो संकटात आहे की खिशात, हे ठरवायला अजून माणूसच लागतो.

इथवर सगळे एका बाजूला होते: माणूस, चिप आणि चिप बनवणारे. चुकून झालेला स्पर्श ओळखायचा आणि माफ करायचा. आता दुसरी बाजू. जाहिरातवाल्यांना चुकून झालेला स्पर्शच हवा असतो. अ‍ॅपलच्या जुन्या सूचनांत बटण ४४ पॉइंटांचं असावं असं म्हटलं होतं, पहिल्या आयफोनवर ते जवळपास ७ मिलिमीटर होतं. जाहिरात बंद करायची फुली बघा. राखाडीवर राखाडी, तिळाहून बारीक, कोपऱ्यात दडवलेली, आणि पाच सेकंदांनी उगवणारी. तिच्यावर नेम धरताना आणखी एक अडचण अशी, की क्रिश्चन होल्झ आणि पॅट्रिक बाउडिश यांनी २०१०-११ मध्ये दाखवून दिलं तसं आपण नेम धरतो तो वरून दिसणाऱ्या नखाने, आणि पडद्याला लागतो खालचा गर. दोघांत थोडं अंतर पडतंच. त्या अंतरावर कुणाचं तरी घर चालतं. आणि बातमी वाचता वाचता पान अचानक दोन इंच खाली सरकून बोटाखाली कर्जाची जाहिरात आणून ठेवतं, तेव्हा तर आपण अजिबात चुकलेले नसतो. बोट होतं तिथेच होतं, जग हललं.

गूगलने २०१२ मध्येच मोबाइलवरच्या काही जाहिरातींच्या कडेला टॅप झाला तर ‘खरंच जायचंय का?’ असं विचारायला सुरुवात केली, कारण चुकून आलेल्यांकडून पैसे मिळत नाहीत, अशी जाहिरात देणाऱ्यांची ओरड होती. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली; त्यांत १३ प्रकारांची यादी आहे. यादी वाचताना दर ओळीला एकेक अ‍ॅप आठवतं. ती यादी मी मोबाइलवर वाचली, आणि ज्या पानावर वाचली तिथे खालच्या कोपऱ्यात एक फुली होती.

माणसामाणसांत चुकून झालेल्या स्पर्शाची दुरुस्ती फार पूर्वीच ठरलेली आहे. बसमध्ये कुणाला पाय लागला की त्याला हात लावून तो छातीशी नेला, की प्रकरण मिटलं. समोरचाही मान हलवतो. फोनच्या जगात या नमस्काराला ‘अनडू’ म्हणतात आणि तो फार उशिरा आला. व्हॉट्सअ‍ॅपवर घाईत ‘सगळ्यांसाठी काढा’च्या जागी ‘माझ्यासाठी काढा’वर बोट पडलं की आपला मूर्खपणा आपल्यालाच दिसेनासा व्हायचा आणि बाकी साऱ्या ग्रुपला दिसत राहायचा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावर पाच सेकंदांची सवलत आली. पाच सेकंद खूप होतात, असं कंपनीला वाटत असावं. चष्मा शोधण्यात किती जातात हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पण चिपवाल्यांनी कितीही डोकं चालवलं तरी एक जागा अशी आहे, जिथे स्पर्श शंभर टक्के मुद्दाम असतो आणि त्याला चुकून म्हणण्याचा आग्रह माणसाचाच असतो. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आत्याचा फोन येतो. नाव शोधून, त्यावर बोट व्यवस्थित टेकवून, वेळेत उचलून, नियमाप्रमाणे लावलेला. दोनदा वाजू देऊन ती कापते. मग आपण परत लावायचा, कारण पैसे कुणाचे का असेनात, पुढाकार आपला दिसला पाहिजे.

“आत्या, फोन केला होतास?”

“मी? छे रे! चुकून लागला असेल. डोळ्यांना दिसत नाही, कुठे बोट पडतं कळत नाही. बरं, आता केलाच आहेस तर सांग, त्या नाशिकच्या मुलीकडच्यांचं काय झालं? आणि थांब, आधी दार लावून येते.”